माजाचा हंगाम आणि उन्हाळा : दख्खनमधल्या हरणाच्या शिकारीचं वेळापत्रक

पुण्यात ऐन उन्हाळ्यात व्याख्यानं ऐकायची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून एप्रिल-मे म्हणजे संध्याकाळची सभा, हे इथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आज आपण त्याच एप्रिल-मेकडे जरा वेगळ्या बाजूनं बघणार आहोत. कारण त्याच दिवसांत, इथून फार लांब नाही अशा रानांत, दुसरी काही माणसं पाणवठ्याशेजारी मचाण बांधून हरणाची वाट बघत बसायची.

विषय ऐकल्यावर तो इतिहासाचा कसा, असं काहींना वाटेल. उन्हाचा आणि हरणाच्या माजाचा संबंध हे काम प्राणिशास्त्राचं. पण शिकार कधी करायची, कुणी करायची आणि कुणी केली की तो गुन्हा ठरतो, या तिन्ही गोष्टी माणसानं ठरवलेल्या आहेत. आणि त्या ठरवताना दख्खनच्या उन्हाळ्याचा फार मोठा हात आहे. तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अमेरिकेत किंवा युरोपात हरणाची शिकार हा आजही कायदेशीर हंगामी उद्योग आहे. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माज नोव्हेंबरात येतो, स्कॉटलंडच्या तांबड्या हरणाचा सप्टेंबर-ऑक्टोबरात. माजावर आलेला नर सावधपणा विसरतो. खाणं कमी करतो, माद्यांच्या मागे दिवसाउजेडी उघड्यावर फिरतो, दुसऱ्या नराचा आवाज आला की धावून जातो. शिकाऱ्याला हेच हवं असतं. मग एखाद्या वर्षी नोव्हेंबरात ऊन पडलं, हवा गरम राहिली, की तिकडचे शिकारी तक्रार करतात : यंदा माज आलाच नाही. खरं तर माज आलेला असतो. तो ठरतो दिवसाच्या लांबीवर. दिवस लहान व्हायला लागले की मेंदूतल्या ग्रंथीला तो बदल कळतो आणि शरीराचं चक्र फिरतं, थंडी असो वा नसो. पाडसं दरवर्षी साधारण त्याच दिवसांत जन्मतात, यावरून माद्या गाभण राहण्याचे दिवसही फारसे हलत नाहीत हे दिसतं. उष्म्यानं बदलतं ते एवढंच की थंडीसाठी अंगावर दाट केस चढलेला नर दिवसा सावलीत पडून राहतो आणि सगळी धावपळ रात्री उरकतो. म्हणजे माज चुकत नाही, शिकाऱ्याची वेळ चुकते.

आता आपल्याकडे या. पुण्याचा सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात लहान दिवस यांत फरक जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा. स्कॉटलंडात तो दहा-अकरा तासांचा असतो. दिवसाच्या लांबीची ती कडक शिस्त आपल्याकडच्या हरणांना नाही. म्हणून त्यांचं वेळापत्रक एकसारखं नाही. सांबराचा माज साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, थंडीत. चितळाचा भर उन्हाळ्यात, आणि शिवाय चितळाच्या कळपात बाराही महिने एखादा तरी नर पक्क्या शिंगांचा सापडतो. काळवीट शास्त्रानं हरीण नव्हेच, तो कुरंग. त्याची शिंगं गळत नाहीत. पण मराठीत आपण त्यालाही हरीणच म्हणतो आणि आज तसंच म्हणू. काळवीटाचा माज वर्षभर थोडाबहुत चालू असतो, त्यातले दोन भर मोठे, एक वसंताच्या आसपास आणि एक पावसाळ्यानंतर.

जॉर्ज शेल्लर यांनी १९६० च्या दशकात कान्हाच्या रानात बसून याच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्यांचं १९६७ चं पुस्तक आजही प्रमाण मानतात. पण तसं बघितलं तर ही माहिती आपल्या आज्यांनाही होती. महाशिवरात्रीची कथा आठवा. व्याध रात्री तळ्याकाठी बेलाच्या झाडावर चढून बसलाय. एक हरिणी पाणी प्यायला येते, ती गाभण असते. दुसरी येते, ती नराच्या शोधात असते. मग पाडसांची आई. घराघरांत सांगतात त्या कथेत क्रम थोडा मागेपुढे होतो, पण एक गोष्ट कायम असते : एकाच रात्री, एकाच पाण्यावर, एक गाभण, एक माजावर आणि एक लेकुरवाळी. उत्तरेकडच्या थंड देशात ही कथा रचताच आली नसती. तिथे साऱ्या माद्या एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. श्रीधरांनी ही कथा शिवलीलामृतात आणली शके १६४० मध्ये, बारामतीत, कऱ्हेच्या काठी बसून. म्हणजे काळवीट-चिंकाऱ्याच्या मुलखातच.

त्या कथेत शिकारीचं तंत्रही बिनचूक आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. माघ संपत आलाय, ओढे आटायला लागलेत, पाणी मोजक्या जागी उरलंय. अशा वेळी रान हिंडण्यात अर्थ नसतो. पाण्यावर बसायचं. सागाच्या रानात फाल्गुन-चैत्रात जाऊन आलेल्यांना माहीत आहे, पानं गळालेली असतात म्हणून लांबचं दिसतं, पण खाली वाळक्या पानांचा असा थर असतो की पाऊल टाकलं तर पापड मोडल्यासारखा आवाज होतो. दबकत जाऊन सावज गाठणं अशक्य. उलट, शिकारी जागचा हलला नाही तर तोच आवाज त्याच्या कामाला येतो. जे येतंय ते आधी ऐकू येतं.

एकंदरीत बघा, उष्मा तिकडच्या शिकाऱ्याचा हंगाम बिघडवतो आणि आपल्याकडचा घडवतो. उन्हामुळे जनावर एका जागी येतं आणि ठरल्या वेळी येतं. त्यात जर तो माजाचाही काळ असेल, तर नर आधीच अर्धा बेसावध.

जुन्या लोकांनी या बेसावधपणाचा उपयोग कसा केला, याचे दोन ठळक दाखले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बाराव्या शतकातला. त्याच्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचा मोठा भाग येतो. पाण्यावरची शिकार, चित्त्याकडून केलेली शिकार, आणि माणसाळवलेल्या हरणाचं आमिष दाखवून केलेली शिकार. हा शेवटचा प्रकार अबुल फजलनंही आईन-ए-अकबरीत दिला आहे : पाळलेल्या नराच्या शिंगांना जाळं बांधून त्याला रानटी कळपावर सोडायचं. कळपाचा मालक नर चवताळून अंगावर येतो, शिंगं शिंगांत अडकतात, आणि जाळ्यात गुंतून जिवंत हातात सापडतो. बंदूक नाही, बाण नाही. नराची मस्ती हेच हत्यार.

दुसरा दाखला फासेपारध्यांचा. नावातच फास आहे. कातड्याच्या वादीचे किंवा तातीचे फास ओळीनं जमिनीत रोवायचे आणि कळपाला घाई न करता, हळूहळू त्या बाजूला वळवायचं. काही जण गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानं पुढे सरकायचे, कारण चरणाऱ्या गुराला काळवीट बुजत नाही. या माणसांचं माजाचं ज्ञान अभ्यासकापेक्षा कमी नव्हतं. माजावर आलेला काळवीट आपला ठरलेला तुकडा सोडत नाही. तिथे लेंड्यांचे ढीग घालतो, डोळ्याजवळच्या ग्रंथीचा वास झुडपांना लावतो, आणि बाकीचा कळप दुपारी सावलीला गेला तरी तो काळा नर माळावर उन्हात उभा असतो. ज्याला हे माहीत, त्याला फास कुठे लावायचा ते सांगावं लागत नाही.

पुण्याच्या दरबाराचा शिकारीशी संबंध होताच. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचं शिकारीचं वेड प्रसिद्ध आहे. सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना ठेवला होता, त्यात हरणंही होती. शिकारखाना म्हणजे शिकार करण्याची जागा नव्हे, जनावरं बाळगण्याची. जाता जाता, पर्वतीचा रमणा आपल्याला दक्षिणेसाठी माहीत आहे, पण रमणा या शब्दाचा मूळ अर्थ कुंपण घातलेलं राखीव रान, जिथे शिकारीसाठी हरणं राखतात. शब्द शिकाऱ्यांकडून ब्राह्मणांकडे कसा आला हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आज तो सोडून देऊ.

आणखी पुढे जाण्याआधी पंडूची गोष्ट घ्यायलाच हवी. महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपल्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, तेव्हा पुण्यात ती गोष्ट दोनदा आपली. पंडू शिकारीला जातो, मैथुनात रमलेल्या हरणांच्या जोडीवर बाण सोडतो, आणि तो नर निघतो किंदम ऋषी. मरतामरता शाप देतो. आपण शाप लक्षात ठेवतो आणि त्याआधीचा वाद विसरतो. पंडूचं म्हणणं असं, की हरणं मारणं हा राजाचा धर्मच आहे. आणि ऋषी त्याला हरीण मारल्याबद्दल दोष देतच नाही. त्याचा आक्षेप वेळेवर आहे : तू थांबायला हवं होतंस. शिकारीला बंदी नको, पण माजाच्या वेळी हात आवर. विसाव्या शतकात कायद्यानं ज्याला बंद हंगाम म्हटलं, त्याचा सगळा युक्तिवाद इथे आहे. आमच्या मते हा आपल्याकडचा त्यावरचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्पष्ट उतारा आहे. तो कोणत्याच वनखात्याच्या टिपणात सापडत नाही, याची गंमत वाटते.

आता इंग्रज. इथून गोष्ट खऱ्या अर्थानं वेळापत्रकाची होते.

मुंबई सरकारचं वर्ष कसं चालायचं बघा. उन्हाळ्यात गव्हर्नर महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्याला. पुण्याचा खरा मोसम पावसाळ्याचा : घोड्यांच्या शर्यती, पोलो, मेजवान्या. लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्याला जंगलात जायला मोकळा वेळ मिळायचा तो बहुधा उन्हाळ्यात. तापानं कवायती कमी झालेल्या, फिरतीचा हिवाळा संपलेला. वाघासाठी तर हाच उत्तम काळ, हे जेम्स फोर्सिथपासून सगळ्यांनी लिहून ठेवलंय. फोर्सिथचं सातपुड्यावरचं पुस्तक १८७१ चं. मग वाघासाठी बांधलेल्या मचाणावरून हरीणही पडायचं.

पण त्यांच्या शिकारीत एक नवी गोष्ट आली, जी आधी इतकी ठळक नव्हती. शिंगांचं माप. लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या दुकानानं १८९२ साली शिंगांच्या मापांची नोंदवही छापली आणि शिकारीला इंचांची पट्टी लागली. पारध्याला मांस हवं असतं. त्याला मादी चालते, शिंगं नसलेला नर चालतो, तरणा चालतो, म्हातारा चालतो. साहेबाला भिंतीवरची शिंगं हवीत. आणि सांबर-चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, पुन्हा उगवतात. उगवत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, ती शिंगं भिंतीवर लावायच्या कामाची नसतात. शिंगं पक्की, झळझळीत कधी असतात? माजात. त्यांचं कामच ते आहे.

म्हणून साहेबाचं सावज म्हणजे माजावर आलेला, पूर्ण वाढीचा, कळपातला सगळ्यात जोरकस नर. दुसरा कोणी चालायचाच नाही. उन्हाळी रजेत विदर्भात किंवा मध्य प्रांतात गेलेल्याला सांबर निरुपयोगी, कारण मे महिन्यात सांबराची शिंगं गळालेली तरी असतात किंवा मखमलीत तरी. त्याला भेटायचं चितळ. मोहाच्या झाडाखाली पडलेली फुलं खायला पहाटे कळप येतात, दिवसभर सावलीत, संध्याकाळी पाण्यावर, आणि अधूनमधून नरांचा तो घोगरा हंबरडा. पाणी, मोह, माज आणि साहेबाची रजा, चारही एका महिन्यात. डनबार ब्रँडर हे मध्य प्रांतातले वनाधिकारी, त्यांचं १९२३ चं पुस्तक वाचताना शिंगं गळण्या-येण्याच्या या तारखा शिकाऱ्याला किती महत्त्वाच्या होत्या ते कळतं. पुण्याच्या घाटमाथ्यावरचं सांबर मात्र थंडीत सापडायचं, आणि तिथे सदाहरित झाडी, पाणी जागोजाग. पाण्यावर बसून उपयोग नाही. तिथे हाका घालायचा, गावातली माणसं ढोल-डबे वाजवत रान उठवणार आणि साहेब नाकेबंदी करून उभा.

उष्म्याचे किरकोळ हिशेबही होते. त्या काळच्या बंदुकांची कॉर्डाइट नावाची दारू उन्हात तापली की दाब वाढायचा, म्हणून इंग्लंडचे कारखानदार हिंदुस्थानसाठी काडतुसं वेगळ्या मापाची भरायचे. मांस मे महिन्यात काही तासांत वास मारायला लागतं. साहेबाला डोकं आणि कातडं पुरे. कातड्याला लगेच मीठ-तुरटी लावून ठेवायची. मांस हाक्याच्या माणसांत वाटून टाकायचं. ही उदारता असेलही, पण निम्मं काम उन्हाचं होतं.

कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी. शाहू महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात तिथे चित्त्याकडून काळवीटाची शिकार चालू होती. देशातले रानटी चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवून चित्तेवान कळपाच्या जवळ न्यायचे. गाडीला काळवीट घाबरत नाही. टोपी काढायची, काळा नर दाखवायचा, सोडायचा. चित्त्याची धाव छोटी. काही क्षणांत साधलं तर साधलं, नाहीतर तो धापा टाकत बसून राहतो. मग जो नर आपला तुकडा सोडायला तयार नाही, चार उड्या मारून पुन्हा वळतो, तोच त्याच्या तावडीत यायचा. म्हणजे सोमेश्वरापासून राजाराम महाराजांपर्यंत आठशे वर्षं तंत्र एकच : नराचा हट्ट.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथे प्रश्न नुसता हरणाचा राहत नाही.

१८७८ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक जंगलाचा, ज्यानं राखीव रानात शिकारीला परवानगीची अट आली. दुसरा हत्यारांचा, ज्यानं बंदूक बाळगायला परवाना आला. दोन्ही मिळून ठरलं की कायदेशीर शिकार कोण करणार. पुढे १९११ साली गुन्हेगार जमातींचा कायदा नव्यानं झाला आणि मूळ १८७१ चा, आधी उत्तरेपुरता असलेला तो पट्टा मुंबई इलाख्यावरही चालायला लागला. पारधी त्यात अडकले. हजेरी, हिंडण्याला बंदी. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, रानटी पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा आला. त्यात हरणं, कुरंग, गवे, ससे यांची यादी होती आणि प्रांत सरकारला त्यांच्यासाठी बंद हंगाम जाहीर करायचा अधिकार होता. आधी शिकारी बंद, मग शिकार बंद. हा क्रम योगायोगाचा असेल. पण ज्यांना माजाचं वेळापत्रक तोंडपाठ होतं ती माणसं बंद हंगाम ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी नव्हती, एवढं नक्की.

आणि बंद हंगाम ठरवायचा तरी कसा? ही कल्पना आली इंग्लंडातून, जिथे एका जातीच्या हरणांचा माज एकदम, वीण एकदम. त्या मुलखात तारखा घालणं सोपं. आपल्याकडे चितळाचा माज उन्हाळ्यात, गर्भकाळ सातेक-आठ महिने, म्हणजे बरीच पाडसं हिवाळ्यात. सांबराचा माज हिवाळ्यात, पाडसं पावसाळ्यात. काळवीटाचं तर वर्षभर काही ना काही चालूच. महाशिवरात्रीच्या कथेतल्या त्या तीन हरिणी. कोणतीही तारीख घातली तरी कुणीतरी गाभण, कुणीतरी लेकुरवाळी. पावसाळा बंद ठेवणं सगळ्यांना सोयीचं होतं, कारण पावसात जंगलात रस्ते नसत, हिवताप असे, शिकारी जातच नसत. जी शिकार होतच नाही ती थांबवण्यात काय कष्ट? खरा घाव बसत होता उन्हाळ्यात, पाण्यावर, आणि तो काळ मोकळा.

मग या सगळ्याचा परिणाम काय झाला? सावध बोललं पाहिजे. नुसत्या नरांच्या शिकारीनं एखादी जात संपत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि जुन्या शिकाऱ्यांचं समर्थन नेमकं हेच होतं. त्यात तथ्य होतं. पण शिकार एका ठरावीक नरावर, ठरावीक महिन्यात, वर्षानुवर्षं केंद्रित झाली की कळपात मोठी शिंगं असलेले नर उरत नाहीत. आणि काळवीटाच्या बाबतीत माज म्हणजे जागा राखणं. जागा राखणारा गेला की तो तुकडा काही दिवस मोकळा, दुसरे नर आपसात भांडत बसतात. हे नुकसान मोजदादीत दिसत नाही.

मोठा घाव आला तो वेगळ्या दिशेनं. पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, हा मूळचा गवताचा, कमी पावसाचा माळ. १८८० च्या दशकात भाटघरचं धरण आणि नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापुरात पाणी आलं. शिकाऱ्याच्या दृष्टीनं ही उलटी गोष्ट. पाणी सगळीकडे झालं, तर उन्हाळ्यात पाण्यावर बसण्याचं जुनं गणित मोडतं. पण पाण्यापाठोपाठ ऊस आला, माळ नांगरला गेला. हरणाची तहान भागली आणि राहण्याची जागा गेली. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपगाड्या स्वस्तात बाजारात आल्या. उघड्या माळावर रात्री दिव्याच्या झोतात काळवीट थिजून उभं राहतं. यात उन्हाळा लागत नाही, पाणवठा लागत नाही, माज ओळखावा लागत नाही, काहीच कळावं लागत नाही. शतकानुशतकं जे ज्ञान लागत होतं ते एका दिव्यानं निकामी केलं. जीपवाले शिकारी हे कोणत्याही परंपरेचे नव्हते. आम्हाला विचाराल तर दख्खनच्या काळवीटाला फासेपारध्यापेक्षा आणि साहेबापेक्षाही जास्त या काळानं आणि नांगरानं खाल्लं.

स्वतंत्र भारतात मुंबई राज्यानं १९५१ साली वन्य प्राण्यांसाठी सविस्तर कायदा केला, देशातल्या पहिल्या अशा कायद्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं काळवीट पहिल्या परिशिष्टात गेलं आणि बंद हंगाम हा प्रश्नच मिटला. पारध्यांचा मात्र मिटला नाही. शिकार हा त्यांचा धंदा होता, तो कायद्यानं गेला. जमीन नव्हती. आणि गुन्हेगार हा शिक्का कागदावरून गेला तरी पोलीस पाटलाच्या डोक्यातून गेला नाही. हरणाचं संरक्षण झालं ते योग्यच झालं. पण त्याची किंमत कुणी मोजली हे विचारलं नाही, तर हा इतिहास अर्धाच राहतो.

आज काय उरलंय? नगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, १९८० चं, क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. सोलापूरजवळ नान्नज, मूळचं माळढोकासाठी, पण काळवीटं भरपूर. आणि आपल्या जिल्ह्यात बारामती तालुक्यात सुपे इथलं मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ चं, ५.१४ चौरस किलोमीटर, चिंकाऱ्यासाठी. उन्हाळ्यात वनखातं टँकरनं पाणवठे भरतं. वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक जंगलांत पाणवठ्याशेजारी मचाणं बांधून माणसं बसतात आणि पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. कॅमेरे आल्यापासून त्या मोजणीला शास्त्रीय वजन फार उरलेलं नाही, निसर्गानुभव म्हणूनच ती चालते. पण मचाण तेच, महिना तोच, चंद्र तोच. हातात वही असते एवढाच फरक.

या मोजणीत चिंकारा कमी दिसतो, आणि त्याचं कारण पुन्हा आपल्या विषयापाशी येतं. चिंकारा पाण्यावाचून फार दिवस काढतो. पानांतल्या ओलीवर आणि दवावर त्याचं भागतं. उन्हाळा किती का कडक असेना, तो काळवीट-चितळासारखा रोज पाण्यावर येईल याचा भरवसा नाही. म्हणजे व्याधाला, सोमेश्वराला, साहेबाला, सगळ्यांना जे तंत्र हमखास फळ द्यायचं ते चिंकाऱ्यावर चालायचं नाही. त्याची शिंगंही लहान, भिंतीवर मिरवण्याजोगी नाहीत. आणि तो राहतो त्या मुरमाड, खडकाळ माळावर नांगर उशिरा पोचला. पुण्याच्या पूर्वेला तो टिकून राहिला त्यामागे ही तीन कारणं असावीत, असं आमचं मत आहे. त्यातल्या पहिल्याला आम्ही जास्त वजन देतो. सुप्याला कुणी मे महिन्यात गेलंच, तर पाणवठ्यावर बसून राहू नका. सकाळी लवकर माळाच्या कडेकडेनं चाला, तिथे तो दिसण्याची शक्यता अधिक.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.